आई बसली की गाडी थांबते

खर्डी,
१७ नोव्हेंबर १९९७

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल तू दिवसभर वाट पाहिली असशील. रूपेश भाऊजींनी तुझी खाट खिडकीपाशी ओढून दिली आहे, म्हणजे मुरबाडच्या रस्त्यावरची एकही गाडी तुझ्या नजरेतून सुटली नसणार. आमची त्यात नव्हती. पण आम्ही निघालो होतो, एवढं मात्र खरं.

भातसानगरच्या आमच्या ऑफिसातले एक साहेब निवृत्त होऊन गावी गेले आणि जाताना त्यांची जुनी राखाडी फियाट मला देऊन गेले. रंग उडालेला आहे, डावीकडचं दार फक्त आतूनच उघडतं, पण इंजिनाचा आवाज गोड आहे. घेतली ती केवळ आईसाठी. एसटीत तिचं काय होतं ते तू पाहिलं आहेस. दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडे आली तेव्हा स्टँडवर तिला धरून उतरवावं लागलं होतं. जीपचा धूर तर त्याहून वाईट. आता डॉक्टरांनी तुला खाटेवरून उठायची बंदी केली आहे, तेव्हा तू बाळंतपणाला इकडे येणार नाहीस. तिलाच तिकडे नेलं पाहिजे.

गाडीत वास राहू नये म्हणून मी होतं नव्हतं ते सगळं केलं. सीट धुऊन काढल्या, काचेपाशी लिंबं ठेवली, टाकीच्या टोपणातून पेट्रोलचा वास यायचा म्हणून तिचं तोंड घट्ट बांधून टाकलं. शहापूरपर्यंत आईच्या नाकाला पदर होता. शेणव्याला तिनं तो खाली घेतला आणि कुणाच्या भाताची झोडणी उरकली, कुणाची राहिली ते सांगायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

किन्हवली मागे पडली आणि गाडीनं आचके दिले. मग गप्प. बॉनेट उघडून पाहिलं, तारा हलवल्या. टाकी उघडून काडी बुडवली, पेट्रोल भरपूर. सगळं पुन्हा लावून स्टार्टर मारला तर जसं काही झालंच नाही अशी चालू. पण तोवर आईचं मन उठलं होतं. परत फिरव म्हणाली. मुरबाड आता घरापेक्षा जवळ आहे हे मी तिला सांगून पाहिलं, ऐकलं नाही. येताना खर्डी दिसायला लागली आणि गाडीनं पुन्हा तोच खेळ केला.

आता शहापूरच्या चंदर मेकॅनिकला दाखवतो. तू चिंता करू नकोस. भाऊजींना जयभीम. तुझा लोभ आहेच, तो माझ्या गाडीसारखा वाटेत बंद पडू नये म्हणजे झालं.

तुझा,
महेंद्र


मुरबाड,
२४ नोव्हेंबर १९९७

चि. महेंद्र यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र पोचलं. गाडी पोचली नाही, पत्र पोचलं, तेव्हा पुढच्या वेळी आईला पाकिटात घाल.

रविवारी तुझ्या भाऊजींनी सकाळीच खीर करून ठेवली होती. यांची खीर म्हणजे दुधात पोहणारे तांदूळ, पण केली मनापासून. दुपार झाली तेव्हा हे म्हणाले, येतील. ऊन उतरलं तेव्हा म्हणाले, खीर गरम करू का. शेवटी आम्हीच खाल्ली.

डॉक्टर दर पंधरवड्याला येऊन जातात. सगळं ठीक आहे म्हणतात, फक्त पडून राहा. पडून राहणं हे काम आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. शेजारची हिरी भाकऱ्या करून देते. ती चांगली आहे, पण तिच्या भाकरीला आईच्या भाकरीसारखी कड नसते. हे तुला सांगते आहे, तिला नाही. दिवसभर छपराचे वासे बघते आणि आई आता काय करत असेल याचा अंदाज बांधते. आता चूल सारवली असेल. आता कोंबड्या डालल्या असतील. तिच्यापाशी एकदा नुसतं बसायला मिळालं तरी पुष्कळ, असं वाटत राहतं.

मागच्या खेपेचं भय मलाही आहे. म्हणूनच ती हवी आहे. मेकॅनिक काय म्हणतो ते लगेच कळव. आईचे गुडघे कसे आहेत? जिवली मावशी अजून तुमच्याच ओट्यावर मिसरी लावते का?

जीव लाव, असंच लिहीत जा.

तुझी ताई,
रत्नप्रभा


खर्डी,
१५ डिसेंबर १९९७

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा मी तुझ्याकडे येऊन गेलो, नाचणीचे लाडू दिले, चहा प्यालो, गाडी दाखवली आणि निघालो. आई का आली नाही विचारलंस तेव्हा गुडघ्यांचं नाव सांगितलं. ते खोटं होतं. तू खाटेवर पडून माझ्याकडे अशी बघत होतीस की खरं तोंडातून निघेना. म्हणून लिहितो.

चंदरनं कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून साफ केला, पेट्रोलचा पंप तपासला. मी एकटा मुरबाडच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो, कुठे म्हणजे कुठे थांबली नाही. मग मागच्या रविवारी आईला घेऊन निघालो. किन्हवलीच्या पुढे, जवळजवळ त्याच जागी, पुन्हा तेच. मी खाली उतरून सगळं उघडून पाहत होतो आणि आई आत बसून समोर बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी आलो तर ओट्यावर जिवली मावशी. तिला वाईट हेतू नव्हता, तिला फक्त गप्प बसता येत नाही. म्हणाली, महेंद्र एकटा जातो तवा गाडी पळते, सोनूबाय बसली की थांबते, हे काय गो? आणि हसली. आई हसली नाही.

त्या संध्याकाळी तिनं मला सांगितलं की ती आता मुरबाडला येणार नाही. बाबा गेले तेव्हा भावकीतल्या बायांनी तिला पांढऱ्या पायाची म्हटलं होतं, ते मी कधी ऐकलं नव्हतं. मी लहान होतो, तुला आठवत असेल. आणि दोन वर्षांपूर्वी ती तुझ्या घरी पोचली आणि त्याच आठवड्यात तुझं मूल पोटातच गेलं. तिनं हे दोन्ही एकत्र बांधून मनात ठेवलं आहे. गाडीला कळतं, म्हणाली, तुला कळत नाय.

परवा मी मुद्दाम एकटा आलो. वाटलं, माझ्यासाठीही थांबली तर आईला जाऊन सांगता येईल. मी इतक्या मनापासून गाडी बंद पडायची वाट कधी पाहिली नव्हती. थांबली नाही. घरी गेलो तेव्हा आईनं एवढंच विचारलं, नीट गेली ना? आणि मी हो म्हटलं.

लाडू तिनं स्वतः वळले आहेत. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
महेंद्र


मुरबाड,
२२ डिसेंबर १९९७

ति. आईस,
सविनय जयभीम.

हे पत्र महेंद्र तुला वाचून दाखवील. मध्ये थांबला तर त्याला थांबू देऊ नकोस.

लाडू खाल्ले. गूळ नेहमीपेक्षा जास्त झाला आहे. तू मनात काही असलं की गूळ जास्त घालतेस, हे मला परकरातली असल्यापासून ठाऊक आहे.

आई, मांजर आडवं गेलं म्हणून मी शाळेच्या वाटेवर थांबले होते तेव्हा तू मला हाताला धरून पुढे नेलं होतंस. दारावरची काळी बाहुली तू स्वतः काढून चुलीत घातलीस. बावीस प्रतिज्ञा आम्हाला पाठ होत नव्हत्या, तर तू भात कांडताना म्हणून घेतल्यास. मग भावकीतल्या बायांचं ते एक वाक्य तू इतकी वर्षं कुठे जपून ठेवलंस?

मागच्या वेळी मूल गेलं ते का गेलं हे डॉक्टरांनी मला नीट सांगितलं आहे. ते तू यायच्या आधीपासूनच बिघडलेलं होतं. मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस आणि मला दुसरं काही नको होतं. त्या दिवसांतलं मला तेवढंच आठवतं. तू घेऊन आलीस ते अशुभ नव्हतं, मांडी होती.

आता मी पुन्हा तशीच पडून आहे. कुशीवर वळलं तरी भीती वाटते. तुझे जावई चांगले आहेत, पण त्यांच्यापाशी मला भिता येत नाही, कारण ते माझ्यापेक्षा जास्त भितात. तुझ्यापाशी मला भिता येतं. म्हणून ये. गाडीनं ये, बैलगाडीनं ये, थांबत थांबत ये.

तुझीच,
रत्ना


खर्डी,
५ जानेवारी १९९८

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आईनं दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना ती तांदूळ निवडत होती आणि एकाच मुठीतले खडे पुन्हा पुन्हा शोधत होती. मग म्हणाली, एकदा बघू. थांबली तर पुन्हा विषय काढायचा नाही, मीही नाही आणि तूही नाहीस. मी कबूल केलं. मला वाटलं, चंदरनं आता पंपही नवा घातला आहे, आता कशी थांबते.

काल निघालो. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. तुझ्यासाठी सुंठ, ओवा, जुन्या लुगड्यांची मऊ फडकी असं गाठोडं घेतलं होतं. मी नेहमीसारखी सगळी तयारी केली. किन्हवली आली तशी आम्ही दोघंही बोलायचे थांबलो. मी रस्त्याकडे बघत होतो आणि ती माझ्या हाताकडे. गाव मागे पडलं. मला वाटलं, सुटलो. आणि मग आचके.

गाडी बंद पडल्यावर तिनं पदर खोचला. दार उघडून उतरली. मी बॉनेटखाली असताना समोरून शहापूरची एसटी आली, आईनं हात केला आणि चढली. ताई, एसटीत. मी हाक मारेपर्यंत बस निघाली होती. गाठोडं सीटवर ठेवलं होतं.

मग मला संताप आला. टाकीवर बांधलेली पिशवी ओरबाडून डिकीत फेकली, काडी बुडवली, पेट्रोल होतंच. स्टार्टर मारला, गाडी लगेच चालू. आणि आई उतरल्यावर ती अशी पळाली की शहापूरला एसटीच्या आधी मी स्टँडवर उभा होतो. आई उतरली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती माझ्या गाडीत बसायला तयार झाली नाही. खर्डीची दुसरी एसटी धरली. मी मागून रिकामी गाडी घेऊन घरी आलो, वाटेत एकदाही न थांबता.

ती अजून पडून आहे. काही खात नाही. तिनं मला विचारलं नाही, मीही तिला सांगितलं नाही की गाडी नीट आली. पण तिला ठाऊक आहे.

आता मी काय करू, सांग. पत्राची वाट पाहतो.

तुझा,
महेंद्र


मुरबाड,
११ जानेवारी १९९८

चि. महेंद्र यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. आज उठून बसावंसं वाटतं आहे. बसायची परवानगी नाही, म्हणून पडूनच लिहिते. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

सकाळी यांनी तेलाचा नवा डबा फोडला. माझ्या खाटेवरून चूल दिसते. खिळा ठोकून एक भोक पाडलं आणि बरणीत तेल ओतायला डबा वाकडा केला. जरा आलं, मग गुडगुड करून थांबलं. हे डबा हलवत बसले. मी म्हटलं, अहो, दुसरं भोक पाडा. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल? यांनी पलीकडे खिळा मारला आणि धार लागली. मी कुशीवर वळणार होते, ती तशीच राहिले.

महेंद्र, गाडीतलं मला काही कळत नाही. तू मेकॅनिकला विचार आणि मला हस. पण तू दर वेळी लिहितोस की टाकी उघडून काडी बुडवली आणि मग गाडी चालू झाली. मला आधी वाटलं, थांबून थंड झाली म्हणून चालू झाली. पण टाकी उघडली म्हणून झाली असेल तर? आईला वास येऊ नये म्हणून तू तिचं तोंड बांधतोस. एकटा येतोस तेव्हा बांधतोस का? मला नाही वाटत, कारण तू आलास त्या दिवशी हिरी म्हणत होती, तुझ्या भावाच्या गाडीला पेट्रोलचा काय वास येतो. त्या दिवशी एसटीमागून येताना तर पिशवी डिकीत होती.

एक कर. आईला घरी राहू दे. टोपण तिच्यासाठी बांधतोस तसंच बांध. एकटा किन्हवलीच्या पुढे जाऊन ये. तिला काही सांगू नकोस. माझं चुकलं तर तिला आणखी एकदा दुखवायला नको.

मला आशा धरायची भीती वाटते, तरी धरली आहे. लवकर लिही.

तुझी ताई,
रत्नप्रभा


खर्डी,
१९ जानेवारी १९९८

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

थांबली. एकट्यासाठी थांबली, किन्हवलीच्या पुढे. मी रस्त्यात उभा राहून इतका हसलो की शेतात काम करणारा चांगो आपले बैल सोडून बघायला आला. टोपण उघडायला लागलो तेव्हा आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला. तो दर वेळी येत असणार. मी कधी ऐकलाच नाही, माझं सगळं लक्ष काडीकडे.

चंदर डोक्याला हात लावून बसला. त्या टोपणाला हवेसाठी बारीक वाट असते, ती मी पिशवी घालून आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बुजवत होतो. इंजिन पेट्रोल ओढतं, मागून हवा येत नाही, आणि इतक्या अंतरानंतर ओढ संपते. त्यानं विचारलं, मला पिशवी कधी दाखवली का नाहीस? मी म्हटलं, तुझ्याकडे येताना आई नसायची, मग पिशवी कशाला बांधू? त्यानं दोन्ही कान धरले. कुणाचे ते लिहीत नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. पाण्याची भरली बाटली पालथी करून पाणी कसं गुडगुडत अडतं ते दाखवलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा जिवली मावशीला हाक मारील. तिनं बाटली पुसून जागेवर ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्यापायीच ना रे?"

ताई, तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पिशवी तिच्यासाठीच होती. मी म्हटलं, वास पेट्रोलचा, पिशवी माझी, तुझं त्यात काय? ती उठून चुलीकडे गेली. काल सकाळी मात्र कोंबड्यांना दाणे टाकताना माझ्याकडे न बघता म्हणाली, पिशवी बांधायची नाही. तिला वासाचं विचारलं तर म्हणाली, वासानं कोण मेलं नाय अजून.

येत्या रविवारी निघतो. या वेळी खीर करायला सांगू नकोस, तिच्या पोटात काही ठरायचं नाही. तुझ्या डोक्याला सलाम करतो, आणि तेलाच्या डब्याला पण.

तुझा,
महेंद्र


मुरबाड,
२ फेब्रुवारी १९९८

चि. महेंद्र यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तू त्या दिवशी आईला सोडून लगेच निघालास, म्हणून पुढचं लिहिते.

प्रवासाची तुझी हकिगत तू दारातच सांगितलीस. तिची तिनं नंतर सांगितली, आणि दोन्ही जुळत नाहीत. तू म्हणालास, चार ठिकाणी थांबलो. ती म्हणते, एकाच. शेणव्याला तिला पहिली उलटी झाली तेव्हा तू गाडी कडेला घेतलीस, ते तिला आवडलेलं नाही. पुढे तू पुन्हा घ्यायला लागलास तेव्हा ती तुला काय म्हणाली ते तिनं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "ओकायचं ते मी ओकीन. गाडी थांबवायची नाय." हे सांगताना तिचा आवाज चांगला होता. तू परत न्यायला येशील तेव्हा मात्र पिशवी दोन पदरी बांधून ये, म्हणजे तिला नेताच येणार नाही, असं मी तिला म्हटलं. ती हसली.

पण महेंद्र, गाडीचं सापडलं म्हणून सगळं सापडलं असं नाही. तू गेल्यावर ती उंबऱ्याबाहेर उभीच होती. मला उठता येत नाही. मी म्हटलं, ये की. ती म्हणाली, येऊ ना? मी पुन्हा म्हटलं, तेव्हा आली. आल्यापासून घर तिचं झालं आहे. हिरीला भाकरी शिकवली, यांना खीर शिकवली, माझं अंथरूण रोज उन्हात. सगळं करते, फक्त माझ्याजवळ बसताना हातभर जागा सोडून बसते. पाय चेपते ते गुडघ्यापर्यंत. पोटावरचं पांघरूण सरकलं तर नीट करायला यांना हाक मारते. मी आठवडाभर पाहिलं आणि काही बोलले नाही. बोलून ते निघालं असतं तर माझ्या डिसेंबरच्या पत्रानंच निघालं असतं.

आज दुपारी चुलीवर भात ठेवून ती माझ्या डोक्याला तेल लावायला बसली. तिची बोटं केसांत फिरत होती आणि पोटात एकदम हालचाल झाली, रोज होते त्यापेक्षा जोरात. पांघरुणावरून दिसली. तिचा हात थांबला. मी तो तेलकट हात धरला आणि पोटावर ठेवला. तिनं ओढून घ्यायचा प्रयत्न केला, मी सोडला नाही. आत पुन्हा लाथ बसली, बरोबर तिच्या तळव्याखाली. मग ओढणं थांबलं.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, तेवढाच. मी माझा हात काढून घेतला तरी तिचा तिथेच राहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही. हे कामावरून आले ते दारातच थबकले आणि हुंगायला लागले, कारण भात जळून त्याचा वास बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला होता. आईनं मानही वर केली नाही.

रात्री आम्ही तोच भात खाल्ला. मार्चपर्यंत ती इथेच आहे. तोवर लोभ पत्रातूनच धाड.

तुझी ताई,
रत्नप्रभा